‘किती?’ विचारणं सोडलं तेव्हा

चिऊला पन्नासपर्यंत येत होतं. तिच्या आजोबांनी पहिल्याच दिवशी वर्गाच्या दारात मला हे सांगितलं आणि चपला काढता काढता चिऊनं ते म्हणूनही दाखवलं. मान डोलावत, श्वास घ्यायच्या जागाही ठरलेल्या. अठ्ठावीसवर ती किंचित अडखळली, मग ‘एकोणचाळीस, चाळीस’ करत सुसाट निघाली ती पन्नासवरच थांबली. मधले दहा आकडे गळाले होते. आजोबांच्या ते लक्षात आलं नाही, कारण चाल कुठेच तुटली नव्हती. “झोक्यावर शिकवलं हो मी,” ते म्हणाले. “एक झोका, एक आकडा.”

चिऊ हे तिचं खरं नाव नाही. तेव्हा तिचं वय चार वर्षं आठ महिने होतं. बोलायला चुणचुणीत, गोष्ट ऐकायला सगळ्यात पुढे, रंग आणि आकार सगळे येणारी. खाली लिहिलं आहे ते साधारण दहा आठवड्यांचं. वर्ग सुटला की मी वहीत चार ओळी खरडत असे, त्यांवरून हे जुळवलं आहे.

दुसऱ्या दिवशी मोकळ्या खेळाच्या वेळात ती बटणांच्या डब्याशी बसली होती. मी शेजारी बसले, हात पुढे केला आणि म्हटलं, “मला पाच बटणं दे.” तिनं डब्यात हात घातला आणि मूठभर बटणं माझ्या तळहातावर ठेवली.

“पाच आहेत?”

“हो.”

“मोजून बघू या का?”

तिनं एकेका बटणावर बोट टेकवत मोजलं. एकही सुटलं नाही, एकही दोनदा मोजलं गेलं नाही. “एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ.”

“मग? ही पाच आहेत?”

“हो,” चिऊ म्हणाली आणि मण्यांचा डबा उघडायला निघून गेली.

असं मी याआधीही पाहिलं होतं. तरी इतक्या स्वच्छ मोजणीनंतरचं ते ‘हो’ ऐकून आठ बटणं हातात घेऊन मी तशीच बसून राहिले.

चिऊकडे काय होतं, काय नव्हतं

रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टल या अभ्यासकांनी १९७८ मध्ये मोजणीमागची पाच तत्त्वं मांडली. प्रत्येक वस्तूला एक आणि एकच शब्द द्यायचा. शब्दांचा क्रम दर वेळी तोच ठेवायचा. मोजताना आलेला शेवटचा शब्द म्हणजे सगळ्या वस्तूंची मिळून संख्या. शिवाय मोजायला काहीही चालतं आणि सुरुवात कुठूनही केली तरी संख्या बदलत नाही. चिऊकडे पहिली दोन पक्की होती, आणि बटणं काय, मणी काय, ती काहीही मोजायची. अडत होतं ते तिसऱ्यापाशी. तिच्या लेखी ‘पाच’ हा वाटेतला एक थांबा होता. चारनंतर येतो आणि सहाच्या आधी जातो. अख्ख्या ढिगाला ‘पाच’ म्हणतात हे तिच्या गावीही नव्हतं.

कॅरन विन यांनी १९९० च्या सुमारास यावर फार नेमकं काम केलं. त्यांनी मुलांना वस्तू मोजायला लावण्याबरोबर ‘मला इतकी दे’ असंही सांगितलं. त्यातून एक जिना दिसला. काही मुलांना फक्त ‘एक’ कळतो. एक मागितलं की एकच देतात, बाकी काहीही मागा, मूठ भरून देतात. काही महिन्यांनी ‘दोन’ कळतो, आणखी काही महिन्यांनी ‘तीन’. मग तीन-चारच्या आसपास कधीतरी काहीतरी उलगडतं आणि पाच, सहा, सात, जेवढे आकडे म्हणता येतात तेवढे सगळे एकदमच कळू लागतात. या प्रवासाला पुष्कळ मुलांना वर्षभराहून जास्त काळ लागतो, आणि या सगळ्या काळात ती दहापर्यंत फाडफाड म्हणत असतात.

पुढच्या तीन दिवसांत मी खेळता खेळता चिऊकडून वेगवेगळ्या गोष्टी मागून घेतल्या. एक आणि दोन बिनचूक. तीन कधी बरोबर, कधी चार. त्यापुढे मूठ. पन्नासचं पाठांतर आणि मालकीचे आकडे दोन, असा हिशेब होता. आजोबांना हे कसं सांगायचं ते मला सुचलं नाही, म्हणून तेव्हा सांगितलं नाही.

अठ्ठावीसवरून एकोणचाळीसवर मारलेल्या उडीचा मात्र या अडचणीशी फारसा संबंध नाही. तो आपल्या भाषेचा खोडसाळपणा. चिनी भाषेत अकरा म्हणजे सरळ ‘दहा एक’ आणि तेवीस म्हणजे ‘दोन दहा तीन’. मराठीत तेवीसमधला तीन आधी बोलायचा आणि वीस नंतर, लिहायचं मात्र उलट. जर्मन मुलांचीही हीच तक्रार असते. वर आपल्याकडे ‘एकोण’ आहे: एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. अठ्ठावीसच्या पुढे जाताना मुलानं आधी तिसाची चाहूल घ्यायची आणि मग एक पाऊल मागे यायचं. तोंडात ‘एकोण’ आलं की त्यामागे तीस लावायचं, चाळीस की पन्नास, हे लक्षात ठेवायला दुसरा आधार नाही. इतकं पार करून नव्याण्णवला पोचावं तर तिथे ‘एकोण’ नाहीच. मला मुलांच्या या चुका आवडतात. ‘एकोणतीस’च्या जागी कुणी ‘नऊवीस’ म्हणालं तर त्या मुलानं रचना ओळखलेली असते. पण चार-साडेचार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत एकोणतीसची काळजी करण्यात अर्थ नाही. काळजी त्या आठ बटणांची.

पहिले दोन आठवडे वाया

मी आधी तेच केलं जे सगळे करतात. वस्तू मांडायच्या आणि विचारायचं, “किती?” चिऊ मोजायची. “म्हणजे किती?” ती पुन्हा पहिल्यापासून मोजायची. तिसऱ्यांदा विचारलं की चिडायची: “सांगितलं ना!” बरोबरच होतं तिचं. तिच्या दृष्टीनं ‘किती’ हा मोजायचा हुकूम होता आणि तो तिनं दोनदा पाळला होता.

चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं मोजून शेवटचा शब्द जोरात पुन्हा म्हटला. “पाच, सहा. सहा!” मी खूश. वहीत लिहिलं, ‘जमलं’. दुसऱ्या दिवशी सहा मणी मागितले, तर मूठ. तिनं एवढंच हेरलं होतं की ‘किती’ विचारलं की शेवटचा शब्द पुन्हा म्हणायचा, म्हणजे ताई हसते. मी ‘जमलं’वर काट मारली. ती काट अजून वहीत आहे, आणि कुणी शिकाऊ ताई वर्ग बघायला आल्या की मी ते पान मुद्दाम दाखवते.

त्या काटेमुळे मला ‘किती?’ या प्रश्नाकडे नीट बघावं लागलं. वस्तू समोर पडलेल्या, विचारणारीला उत्तर दिसतंय, आणि उत्तर बरोबर आलं काय नि चुकलं काय, जगात काही हलत नाही. मोठ्यांनी असा प्रश्न एकमेकांना विचारला तर तो चेष्टा ठरेल. मुलं मात्र निमूट उत्तर देतात, आणि त्यातून त्यांना संख्येपेक्षा ताईच्या चेहऱ्याचा अभ्यास जास्त होतो.

दुसरी चूक पटाची. मी जाड पुठ्ठ्यावर गोगलगायीच्या शंखासारखा गोल गोल पट काढला, पंचवीस घरांचा, फार देखणा. मुलं त्यावर तुटून पडली. फासा टाकायचा, सोंगटी सरकवायची, आरडाओरडा करायचा. आठवडाभर खेळूनही आकड्यांच्या बाजूनं काही हललेलं दिसेना. ते का, हे पुढे पटाच्या भागात येईल. इथे एवढंच की मुलं रमली म्हणजे शिकली असं मी धरून चालले होते.

टोप्यांचा खेळ

गी ब्रूसो हे फ्रान्समधले गणितशिक्षणाचे मोठे अभ्यासक. त्यांच्या कामातली एक छोटी रचना मला फार पूर्वीपासून माहीत होती. टेबलावर रंगाची काही भांडी ठेवायची, कुंचले खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मुलाला सांगायचं, प्रत्येक भांड्यासाठी एक कुंचला आण, एकही कमी नको, एकही जास्त नको, आणि एकाच फेरीत आण. ‘मोज’ असं कुणी म्हणत नाही. आकड्याचा उच्चारही करायचा नाही. आणलेले कुंचले भांड्यांत ठेवले की बरोबर-चूक तिथेच दिसतं; शिक्षकानं तोंड उघडायची गरज पडत नाही.

मी भांड्यांच्या जागी लाकडी बाहुल्या घेतल्या आणि कुंचल्यांच्या जागी बाटल्यांची झाकणं. ती बाहुल्यांच्या टोप्या. पाऊस यायचाय, सगळ्यांना टोप्या हव्यात. पाऊस म्हणजे झाडांवर पाणी मारायचा फवारा. टोपी नसलेली बाहुली भिजणार. टोपी जास्त झाली तर मी फुंकर मारणार आणि ती वाऱ्यानं उडून जाणार.

पहिल्या दिवशी पाच बाहुल्या होत्या. चिऊनं ओंजळभर टोप्या आणल्या. पाच बसल्या, बाकीच्या मी फुंकून उडवल्या. ती खदाखदा हसली आणि पुढच्या फेरीला दोन्ही हात भरून घेऊन आली. मी चुकीलाच बक्षीस लावून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी नियम बदलला: टोप्या नेमक्या आल्या तर फवारा आणणाऱ्याच्या हातात. आमच्या वर्गात फवाऱ्याहून मोठं काही नाही.

मग ती थांबून विचार करू लागली. टोप्यांच्या डब्यापाशी उभी राहून ती मागे वळून बाहुल्यांकडे बघायची आणि लांबूनच एकेकीकडे बोट करत एकेक टोपी उचलायची. एक ही तिची, एक ही तिची. एकही आकडा न वापरता चोख काम! मला इतकं कौतुक वाटलं की दोन दिवस मी तसंच चालू दिलं. मग डबा कपाटामागे नेला. आता तिथून बाहुल्या दिसत नव्हत्या.

पहिल्यांदा ती नुसतीच धावली आणि कमी टोप्या घेऊन आली. दोन बाहुल्या भिजल्या. दुसऱ्यांदा जास्त. तिसऱ्यांदा ती निघालीच नाही. बाहुल्यांसमोर उकिडवी बसली. त्या दिवशी चारच होत्या. बोट लावून मोजल्या. मग उठली आणि कपाटाकडे चालायला लागली, एरवी पळणारी मुलगी सावकाश, पाणी भरलेला पेला न्यावा तशी चालत होती आणि पुटपुटत होती: “चार चार चार चार चार.”

चार टोप्या आल्या. फवारा तिला मिळाला. तिनं बाहुल्यांपेक्षा मलाच जास्त भिजवलं.

माझ्या लेखी या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा क्षण हाच. समोर नसलेल्या बाहुल्यांबद्दलची एक गोष्ट ती कपाटामागे घेऊन गेली होती. बाहुल्या मागे राहिल्या, त्यांचं चारपण तिच्याबरोबर गेलं. ते नेता येतं आणि नेल्यावर कामाला येतं, हे तिला कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

वर्गात एक मुलगा आहे, त्याला आकडे आधीपासून चांगले कळतात. तो कंटाळला होता. चिऊ पुटपुटत चालली की तो मधेच ओरडायचा, “नऊ!” आणि चिऊचा चार सांडून जायचा. ती रडकुंडीला यायची. मी त्याला थांबवणार होते; मग म्हटलं, बघू या. दुसऱ्या दिवशी चिऊ चार बोटं उभी धरून निघाली. हात छातीशी, नजर बोटांवर. आता त्यानं कितीही ओरडावं. एका हातात चार धरलेला आणि दुसऱ्या हातानं टोप्या वेचायच्या. कपाटामागून एकेक टोपी फ्रॉकच्या खिशात पडल्याचा आवाज येत होता.

बोटांवर मोजणं ही वाईट सवय आहे असं अजून पुष्कळांना वाटतं. त्यांनी ती फेरी पाहायला हवी होती.

पुढच्या आठवड्यात मी बाहुल्या सात केल्या. चिऊनं एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन बोटं उभी केली आणि निघाली. कपाटामागे बराच वेळ शांतता. मग हाक आली: “ताई, हातच नाहीत!”

दोन्ही हात सात धरण्यात गुंतलेले. टोप्या उचलणार कशानं? मी गेले, आम्ही दोघी हसलो, आणि मी काहीच सुचवलं नाही. तिनं पाच बोटांचा हात तसाच ठेवून दुसऱ्यानं उचलून पाहिलं. दोन हरवले. शेवटी ती चित्रांच्या कोपऱ्यातून खडू आणि कागदाचा एक कपटा घेऊन आली आणि त्यावर सात उभ्या रेघा ओढल्या, एकेका बाहुलीकडे बघून एकेक. कागद घेऊन गेली, एकेका रेघेवर एकेक टोपी ठेवली आणि सगळं तसंच उचलून आणलं.

ब्रिटनमध्ये मार्टिन ह्यूज यांनी १९८० च्या दशकात लहान मुलांबरोबर डब्यांचा एक खेळ खेळून पाहिला होता. बंद डब्यांत वेगवेगळ्या संख्येचे ठोकळे. कोणत्या डब्यात किती आहेत ते ओळखता यावं म्हणून मुलांनी झाकणावरच्या कागदावर आपल्याला हवी ती खूण करायची. शाळेतली अंकलेखनाची वही न बघितलेली मुलंही कामाच्या खुणा करत: कुणी रेघा, कुणी ठोकळ्यांची चित्रं, कुणी चक्क अंक. त्या खुणांना एक प्रयोजन होतं. चिऊच्या सात रेघांनाही होतं. आणि दोन दिवसांनी तिनंच मला विचारलं, “ताई, सात रेघा काढायला वेळ लागतो. सात कसा काढतात?”

मी सातचा अंक काढून दाखवला. अंक शिकवण्याची माझी एवढीच कामगिरी.

कोरी वही

याच सुमारास चिऊची आई भेटायला आली. तिची चिंता साधी होती. शेजारच्या मुलाच्या वहीत पानंच्या पानं एक ते शंभर लिहिलेले असतात, चिऊची वही कोरी. “ताई, ती रोज फक्त खेळून येते म्हणते. कपडे ओले असतात.”

आईला सिद्धांत सांगून उपयोग नसतो. मी तिला त्या सात रेघांचा कपटा दाखवला आणि तो कसा तयार झाला ते सांगितलं. ती बराच वेळ तो कपटा बघत राहिली. पूर्ण पटलं असेल असं नाही. “पण पुढच्या वर्षी शाळेत लिहायला लागणारच ना?” हा तिचा प्रश्न खराच होता आणि त्याला माझ्याकडे चलाख उत्तर नव्हतं.

ती एक गोष्ट वाचून आली होती: लहानपणीचं गणित पक्कं असेल तर पुढे सगळ्याच विषयांत फायदा होतो. हे निराधार नाही. ग्रेग डंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मुलांच्या सहा दीर्घकालीन पाहण्या एकत्र तपासल्या, तेव्हा शाळेत येतानाची गणिताची समज आणि पुढची प्रगती यांचं नातं सगळ्यात ठळक दिसलं. गंमत अशी की याच निष्कर्षाचा आधार घेऊन चार वर्षांच्या मुलांच्या हातात गिरवायच्या वह्या दिल्या जातात. तो अभ्यास समजेबद्दल आहे. शंभरपर्यंत गिरवलेल्या पानांबद्दल त्यात काही नाही.

जाताना आईनं कपटा घरी नेऊ का विचारलं. मी देऊन टाकला. नोंद म्हणून तो माझ्याकडे राहायला हवा होता, हे नंतर सुचलं.

सरळ पट

आता त्या देखण्या गोगलगायीबद्दल. गीता रमानी आणि रॉबर्ट सिग्लर यांनी २००८ मध्ये गरीब घरांतल्या बालवर्गातल्या मुलांना एक ते दहा आकड्यांचा साधा सरळ पट खेळायला दिला होता. प्रत्येक बैठक पंधरा-वीस मिनिटांची, दोन आठवड्यांत अशा चार बैठका. फिरकीवर एक किंवा दोन एवढंच दान. आकड्यांचा पट खेळलेली मुलं लहान-मोठी संख्या ओळखण्यात, मोजण्यात आणि आकडा रेषेवर कुठे येईल ते सांगण्यात पुढे गेली, आणि नऊ आठवड्यांनंतरही ती प्रगती टिकून होती. ज्यांच्या पटाच्या घरांवर आकड्यांऐवजी नुसते रंग होते ती मुलं तशी पुढे गेली नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी तोच पट गोल करून पाहिला, तर सरळ पटाइतका फायदा झाला नाही. सरळ पटावर जितका पुढचा आकडा तितकं जास्त अंतर, जास्त वेळ, हाताची जास्त हालचाल, जास्त बोललेले शब्द. सगळं एकाच बाजूला वाढत जातं. माझ्या शंखात सोंगटी पंचवीसच्या घरात पोचली की निघाली होती त्याच्या शेजारीच येऊन बसायची.

मी पुठ्ठ्याची लांब पट्टी कापली. एक ते दहा घरं, सगळी सारखी. देखणेपण शून्य.

आणखी एक बारकी गोष्ट, आणि माझ्या मते खरी मेख तिथे आहे. सोंगटी चारवर असेल आणि दान दोन पडलं तर मुलं म्हणतात, “एक, दोन.” लास्की आणि सिग्लर यांनी २०१४ मध्ये दाखवलं की असं खेळल्यानं फारसं हाती लागत नाही. घरावर लिहिलेला आकडा म्हणायचा: “पाच, सहा.” चिऊला हे अजिबात मान्य नव्हतं. “दोन पडलेत, मग मी पाच का म्हणू?” प्रश्न बिनतोड होता. मी तिला आधी नेहमीसारखं खेळू दिलं आणि माझी पाळी आली की मी घराचे आकडे म्हणू लागले. चार-पाच दिवसांनी ती माझ्याबरोबर म्हणू लागली, मग स्वतःच्या पाळीलाही.

दुसरी अडचण सगळ्याच मुलांची असते: उभं असलेलं घरच पहिलं मोजायचं. चारवर सोंगटी टेकवून “चार, पाच” म्हणायचं आणि पाचवर थांबायचं. समजावून काही होत नाही. सोंगटीच्या जागी मी एक लहान लाकडी बेडूक ठेवला. बेडूक हवेत उडाल्याशिवाय आकडा म्हणायचा नाही. बसलेला बेडूक मोजत नाही, उडणारा मोजतो. दोन दिवसांत ती चूक थांबली, आणि मुलं स्वतःच बेडकासारखी उड्या मारू लागल्यानं दुसराच गोंधळ सुरू झाला.

फाशावरचे ठिपके मात्र चिऊ शेवटपर्यंत मोजतच राहिली. एक, दोन, तीन ठिपके आपण सगळेच न मोजता ओळखतो, तीही ओळखायची. पाचची चौकट आणि मधला ठिपका हा आकार सवयीनं पाठ होतो, पण दहाव्या आठवड्यातही तिच्या बोटाला प्रत्येक ठिपक्याला हात लावल्याशिवाय चैन नव्हतं. मी त्याचा पिच्छा पुरवला नाही.

नवव्या आठवड्यातली बटणं

मी तोच डबा घेऊन बसले. “मला सहा बटणं दे.” चिऊनं एकेक बटण माझ्या हातावर ठेवलं, ओठ हलत होते. सहावर ती थांबली आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. ते झाकण लावणं मला उत्तराहून जास्त सांगून गेलं. आठ मागितली, आठ दिली. दहा मागितली तेव्हा नऊ दिली, हाताकडे पाहिलं, स्वतःच पुन्हा मोजलं आणि एक टाकलं.

सगळं सुटलं असं नाही. एकोणतीसची उडी तशीच आहे. सहा आणि आठ यांत मोठा कोणता हे पट्टी समोर असेल तर क्षणात सांगते, नसेल तर अंदाज करते. वर्गातला आणखी एक मुलगा हेच सगळे खेळ खेळूनही तीनपुढे सरकलेला नाही. त्याच्यासाठी वेगळं काही शोधावं लागेल, किंवा नुसता वेळ द्यावा लागेल. अजून मला ठरवता आलेलं नाही. ‘नऊ!’ ओरडणाऱ्याला मी टोप्यांचा हिशेब ठेवायचं काम दिलं. किती होत्या, किती गेल्या, किती उरल्या. तेव्हापासून तो इतका गंभीर झाला आहे की त्याचं ओरडणं बरं होतं असं कधी कधी वाटतं.

शून्याचं एक सांगायचं राहिलं. एकदा मी बाहुल्यांची फळी रिकामी ठेवली आणि चिऊला म्हटलं, “टोप्या आणायच्या आहेत, चिठ्ठी लिही.” तिनं फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मग मी जाऊ कशाला?” मी म्हटलं, तरी चिठ्ठी दे. तिनं कोरा कागद माझ्या हातात ठेवला. हिशेबनीस लगेच म्हणाला, “यावर लिहायचं विसरली ती.” “विसरले नाही,” चिऊ म्हणाली, “नाहीयेत ते लिहिलंय.” मग कोरी चिठ्ठी आणि विसरलेली चिठ्ठी ओळखायची कशी, यावर दोघांचं बराच वेळ वाजलं.

आजोबांशी बोलायचं राहून गेलेलं होतं. शेवटच्या आठवड्यात ते तिला न्यायला आले तेव्हा मी विषय काढणार, तोच त्यांनीच तक्रार केली.

“ताई, तुम्ही हिला काय शिकवलंत? पूर्वी झोक्यावर बसली की मी देईन तेवढे झोके घ्यायची, पन्नासपर्यंत म्हणायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू. आता आधी विचारते, आजोबा, आज किती देणार? म्हटलं दहा, तर दहाला पाय टेकवून थांबते. काल मी आपला प्रेमानं अकरावा दिला. तर म्हणते, हा जास्तीचा आहे, परत घ्या.”

त्यांनी चिऊचं दप्तर खांद्याला लावलं.

“आता झोका परत कसा घ्यायचा, तेवढं सांगा मला.”